सहावी ते आठवीच्या मुलांचा गट मंडळीत कसा सुरू करावा

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांत, लहानांसाठी शब्बाथ शाळा (रविवारची बायबलची शाळा) असते आणि मोठ्या मुलांसाठी तरुण संघ. सहावी, सातवी आणि आठवीची मुलं या दोन्हींच्या मधे अडकतात. शब्बाथ शाळेत पहिलीतल्या पोरांसोबत हातवारे करून गाणी म्हणायची त्यांना लाज वाटते आणि तरुण संघात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मग ती उपासनेत शेवटच्या बाकावर सरकतात, पुढे संदेशाच्या (प्रवचनाच्या) वेळी बाहेर उभ्या गाड्यांवर जाऊन बसतात आणि नववीत क्लासचं कारण मिळालं की दिसेनाशी होतात. त्यांचा विश्वास उडाला असं आईवडिलांना वाटतं. बहुतेकदा तसं काही झालेलं नसतं. मंडळीत त्यांच्या वाट्याला काहीच काम नव्हतं आणि त्यांना नावानं ओळखणारं घराबाहेरचं मोठं माणूस नव्हतं, एवढंच. गट उभा करताना या दोन गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवा. खेळ, खाऊ आणि गाणी त्यांच्या मागून येतात.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या धरून लिहिला आहे. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत रचना वेगळी असते, पण त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

मुलांच्या आधी मोठी माणसं

सुरुवात पाळकसाहेबांपासून, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंपासून करा. एका पानावर लिहून न्या: कोणत्या इयत्ता, कोणता दिवस, किती वेळ, कोणती जागा, जबाबदार कोण. तोंडी होकारावर सुरू केलेला गट पाळकांची बदली झाली की बंद पडतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या इतिवृत्तात नोंद झालेला गट टिकतो, कारण नव्या पाळकांना तो आयता मिळतो आणि वर्षाच्या अंदाजपत्रकातही त्याला जागा असते.

मग माणसं शोधा. किमान दोन प्रौढ हवेत, त्यांत एक बाई आणि एक पुरुष. नवरा-बायकोची जोडी असेल तर तिसरं माणूस घ्या, म्हणजे एका घरात लग्नकार्य निघालं तरी गट बंद राहत नाही. पुढे दर सहा ते आठ मुलांमागे एक प्रौढ हे प्रमाण ठेवा. कॉलेजातले ताई-दादा मदतीला जरूर घ्या, मुलं त्यांच्याकडे ओढली जातात. पण गट पूर्ण त्यांच्यावर सोडू नका. त्यांच्या स्वतःच्या परीक्षा असतात, आणि तेरा वर्षांचं मूल एखादी गंभीर गोष्ट सांगू लागलं तर काय करायचं हे वीस वर्षांच्या मुलाला माहीत नसतं.

मंडळीत नव्यानं आलेला कुणी पहिल्याच महिन्यात मुलांचं काम मागत असेल, तर तो कितीही उत्साही असला तरी किमान सहा महिने थांबवा. आधीच्या मंडळीच्या पाळकांना फोन करून विचारा. यात अपमान काही नाही, आणि ज्याला तो वाटतो त्याला हे काम देऊ नये.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशीच कागदावर आणा आणि पालकांच्या सभेत वाचून दाखवा:

एक प्रौढ आणि एक मूल बंद खोलीत कधीही बसणार नाहीत. बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागी. गटातला कुणीही मुलाला एकट्याला गाडीवरून घरी सोडणार नाही. कुणी मुलांशी खासगी चॅट करणार नाही. व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे सहावी-सातवीच्या बऱ्याच मुलांचं खातं मुळात नियमात बसतच नाही. ग्रुप पालकांच्या नंबरांचा करा. फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका, आणि मुलाचं पूर्ण नाव व शाळा फोटोखाली कधीच लिहू नका.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणं कलम १९ नं बंधनकारक केलं आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी नको, आपापसांत मिटवू' हा सल्ला कितीही ज्येष्ठ माणसानं दिला तरी ऐकू नका. त्या मुलाचं नुकसान होतं आणि कायदाही मोडतो. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेचा नंबर १०९८. तो खोलीच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडा

मुलं किती आहेत हे रविवारी डोकी मोजून कळत नाही. जिथे बालकांचा बाप्तिस्मा होतो तिथे अकरा ते चौदा वर्षांपूर्वीची पानं काढा आणि नावं उतरवून घ्या. काही कुटुंबं गाव सोडून गेलेली असतील, काही नव्यानं आली असतील. पाळकसाहेब आणि महिला मंडळातल्या बायका यांच्यासोबत अर्धा तास बसलात की यादी दुरुस्त होते. कुणाचं पोर कोणत्या शाळेत आहे हे महिला मंडळाइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं.

यादीतल्या प्रत्येक घरी जा. चर्चमध्ये जाहीर सूचना देऊन ही मुलं येत नाहीत, कारण ती सूचना ऐकायला ती आत बसलेलीच नसतात. घरी गेल्यावर आधी मुलाशी बोला, मग आईवडिलांशी. मुलाला विचारा: रविवारी क्लास किती वाजता असतो, काय खेळतोस, काही वाजवतोस का. उत्तरं वहीत लिहा. ढोलकी वाजवणारा किंवा चित्रं काढणारी सापडली की पुढच्या महिन्याचं अर्धं काम झालं.

मुलं आपल्या मित्रांनाही आणतात. इतर धर्मांच्या घरातलं मूल आलं तर त्याच्या आईवडिलांना स्वतः भेटा, गटात बायबल वाचतो, प्रार्थना करतो आणि खेळतो हे सरळ सांगा आणि लेखी परवानगी घ्या. परवानगी नसेल तर त्या मुलाला प्रेमानं तसं सांगा. खाऊ, वह्या किंवा बक्षिसाचं आमिष दाखवून कुणालाही बोलावू नका. आईवडिलांच्या पाठीमागे मुलाशी धर्माचं बोलणं हा त्या घराचा अवमान आहे, आणि घर व गट यांच्या मधे ते मूल भरडलं जातं.

दिवस आणि वेळ

शहरांत रविवारी सकाळी क्लासच्या चाचण्या असतात. गावांत कुटुंबं लांबून येतात आणि दुपारी परत जातात. त्यामुळे शहरात शनिवारी संध्याकाळी ५ ते ६:१५ आणि गावात उपासनेनंतर लगेच, ही वेळ साधारण जमते. संदेश चालू असताना या मुलांना बाहेर काढून त्यांचा वर्ग घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळावी. मोठ्यांच्या उपासनेची सवय याच वयात लागते. तीन वर्षं बाहेर बसलेलं मूल नववीत एकदम आत येऊन रमत नाही.

गट दर आठवड्याला घ्या. पंधरा दिवसांनी असला की एक वेळ चुकलेलं मूल महिनाभर दिसत नाही. सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या काळात मात्र सुट्टी आधीच जाहीर करा. सुट्टी न देता अभ्यास बुडवणारा गट अशी ओळख झाली तर आईच पोराला पाठवत नाही.

७५ मिनिटं कशी वापरायची

पहिली १० मिनिटं येण्याची. एक प्रौढ दारात उभा राहून प्रत्येकाला नावानं हाक मारेल. दुसरा आत कॅरम किंवा सापशिडी मांडून बसेल. लवकर येणाऱ्याला करायला काही नसलं की चिडवाचिडवी इथेच सुरू होते.

पुढची १५ मिनिटं खेळ. लगोरी, डॉजबॉल, खो-खो काहीही चालेल, फक्त दोन गोष्टी सांभाळा. कॅप्टन नेमून त्यांना एकेक खेळाडू निवडायला लावू नका, कारण शेवटी उरलेल्या मुलाला ते पुढच्या आठवड्यातही आठवतं. एक-दोन, एक-दोन असे आकडे म्हणवून संघ पाडा. आणि ज्यात बाद झालेला बाहेर बसतो असे खेळ कमी घ्या. बाहेर बसलेली सहा मुलं पाच मिनिटांत दुसराच खेळ सुरू करतात. या वयात मुली आधी वाढतात, मुलांची उंची उशिरा सुटते. सातवीतल्या दोन मुलांमधे वीतभर फरक असू शकतो. अंगाला भिडणारे खेळ म्हणून नकोत. पावसाळ्यासाठी आत खेळायचे तीन खेळ ठरवून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर ते आठवत नाहीत.

नंतर १० मिनिटं गाणी. भजन शिकवा. टाळ, ढोलकी आणि पेटी असली की गळा नसलेला मुलगाही सामील होतो, कारण त्याच्या हातात टाळ असतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात आणि आजी-आजोबांना पाठ असतात. मुलं ती उपासनेत म्हणू लागली की सगळी मंडळी त्यांच्यासोबत गाते. इंग्रजी वर्शिपची गाणी ती मोबाइलवर ऐकतच असतात, त्यांतलंही एखादं घ्या.

मग २५ मिनिटं बायबल. त्यात तुमचं सलग बोलणं १० मिनिटांवर जाता कामा नये. उरलेला वेळ सहा-सात जणांच्या लहान गटांत प्रश्न. मुलामुलींचे गट वेगळे केले तर दोन्हीकडे बोलणं मोकळं होतं.

शेवटची १५ मिनिटं प्रार्थना आणि नाश्ता. मोठ्यानं प्रार्थना करायची सक्ती नको. चिठ्ठीवर विषय लिहून डब्यात टाकू द्या. 'पप्पांचं पिणं' अशी चिठ्ठी त्या डब्यातून येते, तोंडातून येत नाही. चिठ्ठ्या फक्त दोन प्रौढांनी वाचायच्या, आणि मुलाला धोका आहे असं दिसलं तर काय करणार हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

नाश्ता साधा ठेवा. २० मुलांना कांदेपोहे करायचे तर जाडे पोहे दीड किलो, कांदे एक किलो, बटाटे अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का हे आधी विचारा आणि असेल तर ते घालूच नका. घराघरांत पाळी लावा, पण ज्यांना जड जाईल त्यांची पाळी गुपचूप मंडळीच्या खर्चातून करा. वेळेवर संपवा. पालक बाहेर गाडी लावून उभे असतात.

पहिले दहा आठवडे काय शिकवावं

नव्या शिक्षकाला उत्पत्तीपासून सुरुवात करावीशी वाटते. त्या कथा ही मुलं पाच वर्षं ऐकत आली आहेत, 'माहितीये' म्हणून ती कान बंद करतात. त्यांच्याच वयाच्या किंवा थोड्या मोठ्या मुलांपासून सुरू करा. बायबलमध्ये ती बरीच आहेत आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारतो (लूक २). याईराची मुलगीही बाराच वर्षांची आहे (मार्क ५). योसेफ सतरा वर्षांचा असताना भाऊ त्याचा द्वेष करतात (उत्पत्ती ३७). घरातल्या भांडणांवर बोलायला याहून चांगला उतारा नाही. नामानाच्या बायकोची दासी असलेली लहान मुलगी परक्या देशात, कैदेत असूनही धन्याचं भलं चिंतते (२ राजे ५). शमुवेलाला हाक ऐकू येते आणि ती कुणाची हे आधी कळत नाही (१ शमुवेल ३). योशीया आठव्या वर्षी राजा होतो (२ राजे २२). पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाकडच्या आहेत (योहान ६). तुरुंगातून सुटलेल्या पेत्राला दाराशीच ठेवून आनंदानं आत धावत जाणारी मुलगी आहे (प्रेषितांची कृत्ये १२), आणि मामाविरुद्धचा कट ऐकून थेट गढीत जाऊन सांगणारा पौलाचा भाचा आहे (प्रेषितांची कृत्ये २३). दहाव्या आठवड्याला तीमथ्य घ्या (१ तीमथ्य ४:१२) आणि त्या दिवशी मुलांनाच शिकवू द्या.

यानंतर मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा. सोळा अध्याय आहेत, दर आठवड्याला एक घेतला तर सुट्ट्या धरून पाच महिने जातात.

प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न पुरतात: यात तुला काय खटकलं? इथे तू असतास तर काय केलं असतंस? यातून देवाबद्दल काय कळतं? पहिला प्रश्न गाळू नका. 'काय आवडलं' विचारलं की शिक्षकांना काय हवंय ते उत्तर येतं. खटकलेलं सांगायला मूल स्वतः वाचतं.

देवनागरीची अडचण

शहरातली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची असतात. मराठी ती घरात छान बोलतात, पण 'मी तुम्हांला खचित सांगतो' पुढे आलं की अडखळतात. अशा मुलाला अचानक 'वाच' म्हटलं आणि बाकीचे हसले, तर ते मूल पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि कारण पोटदुखी सांगतं. म्हणून नेमून वाचायला लावू नका. उतारा आधी प्रौढानं स्पष्ट वाचावा, मग हात वर करणाऱ्यांनी जोडीनं वाचावा, आणि ज्यांना हवं त्यांच्यापुढे इंग्रजी बायबल असावं. कठीण शब्द फळ्यावर लिहून अर्थ द्या. दर आठवड्याला एक वचन मराठीत पाठ करायला द्या, दोन ओळींहून मोठं नको. वर्षभरात वाचन सुधारतं, ते लाजेच्या जागी सवय आल्यामुळे.

खरे प्रश्न

चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर, मुलांचा विश्वास बसला की, खरे प्रश्न येतात. शाळेत आरती चालू असताना मी काय करू? मैत्रिणीनं दिलेला प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का? आडनाव गायकवाड आहे तर ख्रिस्ती कसा, असं वर्गात विचारतात, काय सांगू?

प्रसादाचं उत्तर घराघरांत वेगळं असतं. तुमच्या घरचा नियम गटावर लादू नका. करिंथकरांस पहिल्या पत्रातले ८ ते १० हे अध्याय सोबत वाचा (मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, हा प्रश्न तिथे आहे), पाळकसाहेबांना त्या दिवशी बोलवा आणि मुलांना आईवडिलांशी बोलायला सांगा. एक गोष्ट मात्र ठाम सांगा: मैत्रिणीच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही आणि नकार द्यायचा तर हसून, हात जोडून द्यायचा.

आडनावाच्या प्रश्नावर दोन आठवडे खर्च करा. मराठी ख्रिस्ती माणूस कुठून तरी उसना आला आहे हा समज मुलाच्या मनात नकळत बसतो आणि त्यामुळे ते शाळेत गप्प राहतं. त्याला इतिहास द्या. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण हे काव्य गोव्यात १६१६ साली मराठीत छापलं गेलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावला प्रसिद्ध झालं. मग मुलांना आपल्याच चर्चची कोनशिला वाचायला लावा, कबरस्तानातल्या जुन्या दगडांवरची नावं उतरवायला लावा, सर्वांत वयस्कर सभासदाची मुलाखत घ्यायला लावा. हे काम त्यांना मनापासून आवडतं.

काही प्रश्न तुमच्या आवाक्याबाहेरचे असतात. जगण्याचा कंटाळा, स्वतःला इजा करणं, घरातली मारहाण अशा बोलण्यावर फक्त प्रार्थना करून मुलाला घरी पाठवू नका. शांतपणे ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, त्याच दिवशी दुसऱ्या प्रौढाला आणि पाळकांना सांगा. पालकांनाही विश्वासात घ्या, पण धोका घरातूनच असेल तर आधी १०९८ ला फोन करा. मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे.

काम द्या

दर महिन्याला एका रविवारी शास्त्रवाचन (उपासनेतलं बायबलवाचन) गटाकडे मागून घ्या. वाचणाऱ्याला उतारा आठवडाभर आधी द्या आणि शनिवारी चर्चमध्ये माइकसमोर तीनदा वाचून घ्या. माइक ओठांपासून वीतभर लांब, आणि मान वर. तालीम न करता उभं केलेलं मूल एकदा चुकलं की वर्षभर पुन्हा उभं राहत नाही. दोघांना ध्वनियंत्रणेवर बसवा, चौघांना दारात स्वागताला, दोघांना ढोलकी-टाळावर. झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) सजावट आणि नाताळचा तारा पूर्ण त्यांच्याकडे द्या. तारा वाकडा झाला तरी रात्री जाऊन सरळ करू नका. अर्पणाचे पैसे मोजणं मात्र मोठ्यांकडेच असू द्या.

महिन्यातून एकदा, दोन प्रौढांसोबत, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे जाऊन एक भजन म्हणून यायचं. वीस मिनिटं पुरे.

शिबिर

पहिल्या वर्षी मुक्कामी शिबिर घेऊ नका. एक दिवसाचं, सकाळी ९ ते ५, ओळखीच्या जागी. लेखी परवानगीच्या फॉर्मवर आजार, औषध, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर हवेत. ओआरएसची पाकिटं, पट्ट्या, जंतुनाशक आणि एक मोकळी गाडी सोबत ठेवा. विहीर, नदी, धरण, समुद्र यांत उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यानंही नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. मुलींसाठी सॅनिटरी पॅड बाईंकडे असावेत आणि ते आहेत हे मुलींना सकाळीच सांगावं.

शिबिराच्या शेवटी दिवे मंद करून, रडवून, हात वर करायला लावून मुलांकडून येशूला स्वीकारण्याचा निर्णय वदवून घेऊ नका. बारा वर्षांचं मूल दमलेलं असतं आणि शेजारच्यानं हात वर केला म्हणून तेही करतं. महिन्याभरात तो भाव ओसरला की आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटू लागतं. ज्याला बोलायचं आहे त्यानं पुढच्या आठवड्यात येऊन बोलावं असं सांगा. जो येतो त्याच्याशी पाळकसाहेब सावकाश बोलतील, पुढे दृढीकरणाच्या (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात ते बोलणं चालू राहील.

गट गळू लागला तर

दोन महिन्यांनी हजेरी उतरते. आधी शिक्षकांची हजेरी तपासा, कारण प्रौढ उशिरा येऊ लागले की मुलं त्यांच्याआधी यायचं बंद करतात. मग चिडवणं तपासा. मुलामुलींच्या जोड्या लावून हसणं याच वयात सुरू होतं आणि ज्या मुलीचं नाव घेतलं जातं ती न बोलता येणं सोडते. पहिल्यांदा ऐकू येताच थांबवा, ते सगळ्यांसमोर एका वाक्यात आणि चिडवणाऱ्याशी नंतर वेगळं. मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचे, शिक्षकांचेही.

दोन आठवडे न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या आठवड्याच्या आत जा. 'का आला नाहीस' विचारू नका. त्याच्या वाट्याचं काम पडून आहे, एवढंच सांगा.

आठवीचा निकाल लागला की जूनच्या पहिल्या रविवारी त्या मुलांना तरुण संघाकडे सोपवायचं असतं. त्यासाठी मार्चपासूनच तरुण संघाच्या सेक्रेटरींना महिन्यातून एकदा गटात बोलवा, आणि प्रत्येक मुलामागे तरुण संघातला एक दादा किंवा एक ताई नेमून घ्या. नववीच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी आठवड्याला एकदा पालकांच्या नंबरावर फोन करून विचारपूस करायची. ती नावं कागदावर लिहून पाळकसाहेबांकडे द्या.